अर्पणाचा तास

कारखान्याचं शटर वर जायच्या आधी थोरलीचे गुडघे कुरकुरायचे. शटरला निदान अधूनमधून तेल मिळायचं.

घरात सगळे तिला थोरली म्हणत. धाकटी कधी आलीच नव्हती, कारण लग्नाचा विषय निघाला की धाकट्या दिराचा फोन हमखास कट व्हायचा. तरी ही थोरली ती थोरलीच. कारखान्यातले कामगार तिला वहिनी म्हणत. कारखाना शिड्यांचा होता. भिंतीला टेकवायच्या सरळ शिड्या, दुकानांत लागतात त्या घडीच्या शिड्या, रंगाऱ्यांच्या उंच शिड्या, सगळ्या ॲल्युमिनियमच्या. थोरलीचं काम तपासणीचं. मागच्या भिंतीशी एक लोखंडी चौकट होती. तिला शिडी टेकवायची, एकेका पायरीवर चढायचं, आधी डाव्या टोकाला टाच मारायची, मग उजव्या. पायरी हलली तर शिडी परत. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळून म्हटलं होतं, "अंगानं भरलेली आहे. शिड्या तपासायला बरी." सगळे हसले होते, तीही हसली होती. थट्टा तेव्हाच विरून गेली, काम मात्र गळ्यात पडलं ते पडलंच.

दिवसाचा पहिला तास मात्र तिला सुट्टी असायची. तो तास अर्पणाचा.

फार वर्षांपूर्वी कारखान्याला आग लागली होती. पत्रे वाकले, माल वितळला, पण आत झोपलेले दोन कामगार धडधाकट बाहेर आले. सासरे त्या राखेत उभे राहिले आणि त्यांनी देवाला शब्द दिला, की पुन्हा उभा राहिलो तर रोजचा पहिला तास तुझा. त्या तासाची मजुरी नाही, नफा नाही, बोलणं नाही, चहासुद्धा नाही. काम करायचं आणि देवाच्या पायाशी ठेवायचं. त्या तासात झालेल्या शिड्या ते फुकट देऊन टाकायचे, ज्याला गरज असेल त्याला. स्वतः प्रेसवर बसायचे. उभ्या दांड्यांना पायऱ्या रिव्हेटने जोडणं हे शिडीचं सगळ्यात जोखमीचं काम, आणि त्या काळात त्यांच्यासारखा हात आसपास कोणाचा नव्हता. माणूस सच्चा होता, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं वाचून कोणाला ते ढोंगी वाटतील, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल.

पण चांगल्या गोष्टींना नियम चिकटले की त्या हळूहळू कडक होत जातात. फुकट द्यायच्या शिड्या पुढे स्वस्तात विकायला निघाल्या. आलेले पैसे कोपऱ्यातल्या प्रार्थनेच्या खोलीला लागले, तिथे संगमरवर आला. कामगारांचा तास मात्र बिनमजुरीचाच राहिला. आणि एक नियम असा झाला, की अर्पणाची शिडी तपासायची नाही. थोरलीच्या आधी तपासणीला एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा त्या तासातली एक शिडी बाजूला काढली, तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, फार लागलं. ते म्हणाले, "देवाला वाहायचं फूल आपण आधी हुंगून बघतो का? मग ही शिडी चढून कशी बघायची? ती उष्टी नाही का होणार?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून अर्पणाच्या शिड्यांवर एक पिवळा कागद चिकटवून त्या वेगळ्या रांगेत उभ्या राहू लागल्या. लोक त्यांना देवाच्या शिड्या म्हणत.

त्या दिवशीही शटर वर गेलं, दिवा लागला, प्रार्थना झाली. बाबा रोजच्यासारखे चार शब्द बोलले.

"आपलं काम करणं आहे. फळाकडे बघणं आपलं नाही. ज्यानं फळाकडे बघितलं, त्याचा हात कामावरून उठला. हा एक तास तरी आपण मागणारे नाही, देणारे आहोत."

मागे उभा असलेला, दांडे कापणारा कापणीवाला शेजाऱ्याच्या कानाशी लागला. "फळबागेची ऑर्डर आहे म्हणे, सगळ्या अर्पणाच्याच शिड्या मागितल्यात. आशा आपण सोडायची, फळं त्यांनी तोडायची." शेजारी खोकल्याच्या आडून हसला.

मग बाबा प्रेसवर बसले. त्यांच्यासमोर मामा उभे राहिले. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने रिव्हेटवाले. दिवसभर प्रेस त्यांचाच असायचा, पण अर्पणाच्या तासात ते नुसतं धरायचं काम करत. पायरी दांड्याला लावून घट्ट धरायची आणि बाबांनी रिव्हेट दाबायचं.

थोरली स्टुलावर हात जोडून बसली आणि रोज बघायची तेच बघत राहिली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ते अंगठ्याने भोक चाचपायचे, रिव्हेट त्यावर ठेवायचे आणि प्रेसचा दांडा खेचायचे. कधी रिव्हेट सरळ बसायचं, कधी तिरकं. तिरकं बसलं की वरून पायरी पक्की दिसते, पण रोजच्या वापरात ती एका टोकाला सैल होत जाते. हे थोरलीला ठाऊक होतं, मामांना ठाऊक होतं, कापणीवाल्यापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपरेशनचा विषय काढला की बाबा म्हणत, "जे दाखवायचं ते तो दाखवतो." घरात सासूबाई त्यांना पेपर वाचून दाखवत, थोरलीचा नवरा सह्या कुठे करायच्या तिथे बोट ठेवून देई. सगळ्यांनी मिळून म्हातारपण असं अलगद झाकून ठेवलं होतं. त्याला घरात प्रेम म्हणत.

दुपारी टेम्पोतून एक शिडी परत आली. टेम्पो चालवणाऱ्याला सगळे वादळ म्हणत, कारण तो आला की आधी हॉर्न, मग आरडाओरडा, मग माणूस. त्या दिवशी तो हॉर्न न वाजवता आला. त्याने शिडी उतरवून भिंतीला लावली. तिच्यावर पिवळा कागद होता आणि वरून तिसरी पायरी एका टोकाने लोंबत होती.

"तो रंगारी," वादळ म्हणाला. "पांढरा शर्ट घालून रंग द्यायचा तो. आपल्याकडूनच घेऊन गेला होता. एका इमारतीच्या जिन्यात छताला रंग देत होता. पायरी निसटली आणि पाठीवर पडला, थेट जिन्याच्या कडेवर."

"आहे ना?" थोरलीने विचारलं.

"आहे. पण पाय हलत नाहीत म्हणे."

तो रंगारी सगळ्यांच्या ओळखीचा होता. रंगाऱ्याने पांढरा शर्ट घालावा यावरून कारखान्यात त्याची किती थट्टा व्हायची! तो म्हणायचा, "डाग पडला नाही तर समजायचं हात साफ आहे."

बाबांना सांगावंच लागलं. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. मुलाला म्हणाले, "दवाखान्याचं सगळं आपण बघायचं. काही कमी पडू द्यायचं नाही." मग त्यांनी मामांना बोलावलं.

"मामा, तुमच्यावर मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "पण मला एक सांगा. अर्पणाच्या वेळी तुमचं मन जागेवर असतं का?"

मामा खाली बघत राहिले. "हल्ली थकवा फार येतो, बाबा. घरून अंधारात निघावं लागतं. कधीकधी उभ्या उभ्या डुलकी लागते."

"तेच. धरणाऱ्याचं मन हललं, की ठोकणाऱ्याचा हात हलतो. अर्पण म्हणजे नुसते हात नाहीत. मन कमी पडलं की काम कमी पडतं. त्याचं प्रारब्ध होतं म्हणून निमित्त झालं, पण निमित्त आपल्या हातून झालं, हे विसरून चालणार नाही."

मामांनी हात जोडले. "चुकलं माझं. मी संध्याकाळीही एक तास देतो, बाबा. पाप धुऊन निघेल."

दारात उभ्या असलेल्या थोरलीला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. नवरा बाजूलाच उभा होता, त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. कापणीवाल्याने नाक खाजवलं. प्रेसवर कोण बसतं हे माहीत असलेली सगळी माणसं त्या खोलीत होती आणि प्रेसवर न बसलेला माणूस माफी मागत होता. मालकाच्या मोठेपणापुढे लहान माणूस असा दबतो हे थोरलीने आयुष्यभर पाहिलं होतं. पण या माणसाला तर आपण थकतो हेच पाप वाटू लागलं होतं.

तीही बोलली नाही.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. रंगारी पाठीवर पडून होता, डोळे छताला लावून. त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर त्याचा पांढरा शर्ट घडी करून. तिने थोरलीला ओळखलं आणि सरकून जागा दिली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, वेळ लागेल. किती ते सांगत नाहीत. एका नर्सला विचारलं, ती म्हणाली, ताई, आता शिडीचं विसरा." तिने मांडीवरच्या शर्टाची घडी सारखी केली. "तुमच्या घरून माणूस आला होता. पैशांची काळजी करू नका म्हणाला. भले लोक आहात तुम्ही."

थोरलीला ते वाक्य सोसवेना. तिने शर्टाकडे बघत विचारलं, "शिडी त्यांनी कधी घेतली होती?"

"हल्लीच. तुमच्याकडे दुसरीही होती, तपासणीचा शिक्का असलेली. थोडी महाग. मी म्हटलं, तीच घ्या. तर हे म्हणाले, वेडी की काय, ही देवाची शिडी आहे, हिला काय होणार? पिवळा कागद तेवढा मला दाखवला. घरी आणल्यावर मी तिला हळदकुंकू लावलं, वहिनी." ती ओझरतं हसली. "तुम्हीच तपासता ना शिड्या?"

"हो."

"मग हीसुद्धा तुम्ही तपासली असेल."

ते विचारणं नव्हतं, दोष देणंही नव्हतं. बाई फार थकली होती आणि कुठल्यातरी गोष्टीला धरून राहायला बघत होती, एवढंच. थोरलीने तिचा हात हातात घेतला. हिला खरं काय सांगायचं, की ती शिडी तयार होत असताना मी शेजारी स्टुलावर हात जोडून बसले होते? तिच्याने ते बोलवेना. निघताना ती फक्त म्हणाली, "नाही. ती नव्हती तपासली." आणि मागे न बघता चालू लागली.

घरी आल्यावर तिने नवऱ्यापुढे जेवण वाढलं आणि उभी राहिली.

"उद्या फळबागेची गाडी येणार आहे."

"हं."

"सगळ्या अर्पणाच्या शिड्या आहेत. तिथे बायका चढणार त्यांच्यावर. दिवसभर, डोक्यावर टोपली घेऊन."

"माहितीये."

"मी तपासते त्या. सकाळी लवकर जाऊन."

नवऱ्याने घास तसाच ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. बापाला दुखवायचं नाही हे एकच व्रत तो लहानपणापासून पाळत आला होता आणि त्यात त्याचं आयुष्य निघून गेलं होतं. "बाबांना कळलं तर? म्हणजे तू त्यांच्या देवावर पाय ठेवल्यासारखं होईल. या वयात त्यांना काही झालं तर लोक मला काय म्हणतील? थांब जरा. मी बोलतो त्यांच्याशी."

"कधी?"

"बघतो. योग्य वेळ आली की."

"मामा उद्यापासून संध्याकाळीही तासभर राबणार आहेत," ती म्हणाली. "बाबांचं पाप धुवायला."

"हळू बोल. आत ऐकू जाईल."

ऐकू गेलं तर बरंच होईल, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दिवसभराच्या चढउतारानं तिचे पाय भरून आले होते आणि भांडायला उभं राहायला तरी पाय हवेत. ती भांडी आवरून झोपली.

सकाळी ती उठली तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे मागच्या पायरीवर फुलांची परडी घेऊन बसल्या होत्या. एकेक फूल उचलायचं, उलटं करून देठ बघायचा, पाकळ्यांत किडा असला की बाजूला टाकायचं. चांगल्या फुलांची रास इकडे, टाकाऊ तिकडे. थोरली हे रोज बघायची, पण त्या दिवशी ती चहाचा कप हातात घेऊन तिथेच थबकली.

"आई, फूल हुंगायचं नसतं ना?"

"नाही हं. हुंगलं की उष्टं झालं."

"मग हे काय करताय?"

सासूबाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, जशी अडाणी प्रश्न विचारणाऱ्या सुनेकडे टाकतात. "निवडतेय. किडकं फूल देवाला वाहायचं? आपल्या केसांतसुद्धा माळणार नाही आपण. देवाला म्हणून तर जास्त निवडून घ्यायचं."

थोरलीने चहाचा कप खाली ठेवला. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं हे उत्तर घराच्या मागच्या पायरीवर बसलेलं होतं आणि घरातलं कोणी ते उचलून कारखान्यात नेलं नव्हतं.

"आई, आज दोन फुलं मला द्याल? एक चांगलं, एक किडकं."

"कशाला?"

"बाबांना दाखवायला."

सासूबाईंचा हात परडीत थांबला. नवऱ्याला रोज पेपर वाचून दाखवणारी ती बाई होती, त्यामुळे तिला फार सांगावं लागलं नाही. त्यांनी दोन फुलं काढून दिली आणि म्हणाल्या, "दिसायचं नाही गं त्यांना. हातात दे."

प्रार्थना झाली, दिवा लागला. बाबा आज फळाबद्दल बोलले नाहीत, रंगाऱ्यासाठी सगळ्यांनी मिनिटभर डोळे मिटावेत एवढंच म्हणाले. मग प्रेसवर बसले. मामा समोर उभे राहिले, ताठ, डोळे ताणून उघडे ठेवत. थोरलीने स्टूल पायाने बाजूला सारलं.

आधी ती फळबागेच्या रांगेकडे गेली. सगळ्यात पुढची शिडी तिने ओढली, चौकटीला टेकवली आणि चढली. पहिल्या पायरीवर डाव्या टोकाला टाच मारली. त्या गप्प तासात तो आवाज कारखानाभर घुमला.

बाबांचा हात प्रेसवर थांबला. "कोण तपासतंय?"

"मी, बाबा."

"हा अर्पणाचा तास आहे."

"हो. म्हणूनच."

"खाली उतर."

ती उतरली नाही. शिडी शेवटच्या पायरीपर्यंत चढली, सगळीकडे टाच मारली आणि मगच खाली आली. ती शिडी पक्की होती. तिने ती उजवीकडे लावली आणि दुसरी ओढली. कोणी जागचं हललं नाही. ऑफिसच्या दारात नवरा येऊन उभा राहिला होता. दुसरी शिडीही पक्की निघाली. बाबा म्हणाले, "बघितलंस? देवाला वाहिलेल्या कामात खोट काढायला निघालीस. मिळाली का?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुखावणं जास्त होतं.

तिसऱ्या शिडीवर मधल्या पायरीला तिने टाच मारली आणि पायरी डाव्या टोकाला फिरली. थोरलीचा पाय घसरला. तिने दांडा घट्ट धरला म्हणून वाचली, पण नडगी सोलवटली आणि तोंडून "आई गं" निघून गेलं. मामा प्रेस सोडून धावले.

बाबाही उठले. हाताने टेबलाची कड, मग खांब, मग भिंत धरत ते चौकटीपाशी आले. "कुठली पायरी?" थोरलीने त्यांचा हात धरून त्या पायरीवर ठेवला. त्यांनी ती हलवून पाहिली. मग अंगठ्याने रिव्हेट चाचपलं. तिरकं बसलेलं रिव्हेट कसं लागतं हे त्या अंगठ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आयुष्यभर त्याने तेच काम केलं होतं.

"हे कोणाचं काम?"

"माझंच, बाबा," मामा लगेच म्हणाले. "माझं मन..."

"मामा, पुरे!" थोरली ओरडली. तिचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे तिलाच माहीत नव्हतं. "तुम्ही नुसतं धरलं होतं. बाबा, अर्पणाच्या तासात प्रेसवर तुम्ही असता. रोज तुम्हीच असता. हे तुमचं काम आहे."

बाबांनी पायरी पुन्हा एकदा हलवून पाहिली.

"रंगाऱ्याची?" बाबांनी विचारलं.

"तीही."

ते मुलाच्या दिशेने वळले, जिथे तो असेल असं त्यांना वाटलं तिथे. "तुला ठाऊक होतं?"

मुलाने मान खाली घातली. मग वडिलांना मान दिसणार नाही हे लक्षात येऊन त्याला बोलावं लागलं. "सगळ्यांना ठाऊक होतं, बाबा."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

याचं उत्तर त्यांनी स्वतःच फार वर्षांपूर्वी देऊन ठेवलं होतं. ज्या कामात खोट काढायची नाही असं ठरलेलं असतं, त्या कामाची खोट करणाऱ्याला कोण सांगणार? थोरलीने त्यांच्या एका तळहातावर चांगलं फूल ठेवलं, दुसऱ्यावर किडकं.

"बाबा, फूल आपण हुंगत नाही. पण निवडतो. आई रोज निवडतात. बोटांना कळतंय ना, कुठलं कुठलं ते? मग शिडी न निवडता कशी वाहायची? तुम्ही फळ मागत नाही, ते खरंच आहे, मी पाहिलंय. पण तुम्ही नाही घेतलं म्हणून ते नाहीसं होत नाही. कोणाच्या तरी अंगावर पडतंच. देव शिडीवर चढत नाही, बाबा. माणसं चढतात."

दोन्ही हात तसेच पुढे धरून बाबा प्रार्थनेच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

बाहेर हॉर्न वाजला. वादळ फळबागेची गाडी घेऊन आला होता. "चला चला, चढवा, उशीर झालाय!" तो ओरडत आत आला आणि सगळ्यांचे चेहरे बघून गप्प झाला.

"आज गाडी रिकामी जाईल," थोरली त्याला म्हणाली. "बागेच्या मालकांना सांगा, शिड्या मिळतील, पण तपासून. आणि तपासणीच्या भावात."

"ते कबूल नाही करायचे."

"मग नको." तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती म्हणते तसंच सांग."

त्या संध्याकाळी मामा थांबू लागले तेव्हा थोरलीने त्यांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि दारापर्यंत सोडलं. "पाप तुमचं नव्हतंच, तर धुणार काय? घरी जा, झोपा." मामा रस्त्यावर जाऊनही दोनदा मागे वळले. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही.

पहिला तास आता मजुरीत धरतात, आणि त्या तासाला चहाही असतो. "देवानं चहा मंजूर केला," कापणीवाला म्हणाला, आणि या वेळी तो खोकल्याच्या आड लपला नाही. प्रार्थना अजून होते. पिवळे कागद मात्र गेले.

बाबा बरेच दिवस थोरलीशी बोलले नाहीत. एकदा ते मुलाला घेऊन दवाखान्यात गेले. तिथे काय झालं ते रंगाऱ्याच्या बायकोनेच पुढे थोरलीला सांगितलं. "तुमचे बाबा आले होते. म्हणाले, ती शिडी माझ्या हातची. यांच्यापुढे हात जोडले. एवढा मोठा माणूस! मी काय बोलायचं, वहिनी? मला बरं वाटलं आणि रागही आला. यांचे पाय त्यानं परत येणार आहेत का?" ज्या ज्या ठिकाणी सेवेच्या नावाखाली कोणाचा तरी घाम फुकट घेतला जातो आणि श्रद्धेच्या नावाखाली कोणाची तरी चूक झाकली जाते, तिथे शेवटी असाच एखादा माणूस छताकडे बघत पडून राहतो. आपल्या ओळखीच्या अशा जागी हात जोडून बसलेल्यांत आपणही आहोत का, हे ज्याचं त्याने बघावं.

मग एका सकाळी प्रार्थना झाली आणि बाबा प्रेसकडे गेले नाहीत. ऑपरेशनची तारीख ठरली होती, ती त्यांनीच मुलाला ठरवायला सांगितली होती. ते भिंत धरत धरत मागच्या चौकटीपाशी आले. थोरली पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबली. काहीतरी ऐकावं लागणार, अशी तिने मनाची तयारी केली.

बाबा हळूच खाली बसले, त्या वयात बसायला जितका वेळ लागतो तितका वेळ घेऊन. त्यांनी दोन्ही हातांनी शिडीचे पाय धरले, सरकू नयेत म्हणून.

"चढ," ते म्हणाले.

ती चढली. डाव्या टोकाला तिने टाच मारली, आणि दोघांनीही कान दिला.